रेडिएटरचा कडक बंदोबस्त

२ एप्रिल
आजपासून सगळं लिहून ठेवणार. पुढेमागे पुरावा लागला तर हाताशी असावा. ही वही गादीखाली, माझ्या बाजूला.
काल रोड रोलर ट्रेलरवर चढवून घाटावर पोचवला. ट्रक झकास चालला. आज सकाळी रेडिएटर उघडून बघतो तर पाणी अर्ध्याच्या खाली. नेमका तेव्हाच शेजारचा ट्रकवाला आपल्या रेडिएटरमध्ये बादलीने पाणी ओतत होता. मला बघून हसला. हा माणूस एरवी हसत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

३ एप्रिल
फिटरकडे गेलो. म्हणाला, होजपाइप सैल होता, गळत होता, आवळलाय. इतकं झटपट उत्तर? आधीच पाठ करून बसला असणार. शिवाय सल्ले: नुसतं पाणी नको, कूलंट घाला. मागे वजन असलं की चढाला खालच्या गिअरमध्ये, घाई न करता जा. तापमानाचा काटा वर गेलाच तर केबिनचा हीटर पूर्ण सोडा, इंजिनची तेवढीच गरमी बाहेर निघते.
भर उन्हाळ्यात हीटर. मला भाजून काढायचा विचार दिसतो. कूलंट मात्र घातलं. डबा स्वतः विकत आणला, स्वतः फोडला.

५ एप्रिल
ठेकेदाराने बोलावलं होतं. घाटावरच्या नव्या रस्त्याचं वर्षभराचं काम. सगळी यंत्रं वर न्यायची, आणणं-नेणं चालूच राहणार. माणूस एकच घेणार, मी किंवा मेहुणा. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याच्याकडेही ट्रक आणि ट्रेलर आहे. सारखं दाजी दाजी करतो, त्यावरूनच ओळखावं.
हे काम मला फार हवंय. लांबच्या फेऱ्या बंद होतील. रोज रात्री घरी येऊन गरम जेवता येईल. हे कोणाला बोललो नाही, बोलणारही नाही.
संकल्प: रेडिएटरचा बंदोबस्त.

६ एप्रिल
सीटचं जुनं रेक्झिन देऊन बायकोकडून कव्हर शिवून घेतलं. पुढच्या जाळीवर घट्ट बसतं. चारी बाजूंना हुक, खाली कुलूप. आता आत कोणाचा हात जाणार नाही, नजरसुद्धा नाही. बायकोने विचारलं, मग हवा कुठून जाणार? म्हटलं, हवेचं मी बघतो. हिला अचानक हवेची काळजी का? भावाशी फोनवर फार बोलते हल्ली.

९ एप्रिल
घाटात काटा लाल रेषेवर. वाफ. कडेला घेऊन ताटकळत बसलो. बंदोबस्त नव्हता तेव्हा गाडी तापत नव्हती, बंदोबस्त केल्यावर तापते. म्हणजे कव्हर घालायच्या आदल्या रात्रीच कोणीतरी आपलं काम उरकून गेलं.

१० एप्रिल
फिटरकडे. आधी वळणावर थांबून कव्हर काढलं आणि सीटखाली ठेवलं. आपला बंदोबस्त दुसऱ्याला कशाला दाखवा. त्याने फॅन बेल्ट ताणला, थर्मोस्टॅट बदलला, रेडिएटरच्या फटींतला धुरळा धुऊन काढला. मग स्वतः बसून भरल्या ट्रेलरसकट ट्रक टेकडीवर नेऊन आणला. काटा हलला नाही. म्हणाला, गाडीत काहीही दोष नाही.
त्याच्यासमोर गुणी आणि माझ्याशी अशी. दोघांचं संगनमत आहे.

१२ एप्रिल
पुन्हा तापला. काटा खोटं बोलत असावा. त्याच्यावर चिकटपट्टी लावली. त्यानंतर काटा वर गेलेला दिसला नाही. वाफ आली, पण ती किरकोळ.

१५ एप्रिल
आज भरल्या ट्रेलरसकट एका दमात वर. पट्टी उचलून पाहिलं, काटा मधोमध. कारण स्पष्ट आहे: काल फिटरला सांगून आलो होतो की मला सगळं कळलंय. घाबरला.
घरी येऊन बघतो तर कव्हर दोरीवर वाळत घातलेलं. चिखल बसला होता म्हणून धुवायला काढलं म्हणे. म्हणजे ट्रक दिवसभर उघड्या तोंडाने फिरला! भांडलो. नशीब, कोणी हात घातला नाही. तिला किल्ली कुठे सापडली, हा वेगळा तपास.

१७ एप्रिल
उद्या ठेकेदार माझ्या केबिनमध्ये बसून येणार. बघून लगेच ठरवणार. कव्हर पुन्हा चढवलं. आतून गोणपाटही लावलं. उद्या कसूर नको.

१८ एप्रिल, दुपार, घाटात
थांबलोय. वाफ. शेवटी हीटरही सोडला होता. ठेकेदार घामाने निथळतोय. त्याने स्वतःच चिकटपट्टी काढली.
मागून कोणाचा तरी ट्रक येतोय. मेहुणा.

१८ एप्रिल, संध्याकाळ
मेहुणा उतरला, पुढे जाऊन जाळीसमोर उभा राहिला. म्हणाला, दाजी, किल्ली द्या. ठेकेदार बघत होता म्हणून दिली. त्याने कव्हर काढलं, गोणपाट काढलं, इंजिन निवेपर्यंत थांबलो. मग ट्रक वर गेला तो थेट. काटा मधोमध. ठेकेदाराने कव्हर उलटसुलट करून पाहिलं, घडी घालून माझ्या मांडीवर ठेवलं.
प्रश्न एवढाच, मेहुण्याला किल्लीचं कसं कळलं?

२० एप्रिल
काम मेहुण्याला. मला पाण्याचा टँकर. नव्या रस्त्यावर पाणी मारायचं, सपाटीला, मागे ट्रेलर नाही. मेहुण्यानेच माझ्यासाठी शब्द टाकला म्हणे. फार वाईट वाटलं. ताटावर बसलो.
बायको म्हणाली, असू दे. रोज रात्री घरी येऊन गरम जेवायचं होतं ना तुम्हाला? ते तर होईल. आणि आणखी एक पोळी वाढली.
हे मी कोणालाच बोललो नव्हतो. फक्त इथे लिहिलं होतं, ५ तारखेला.
या वहीला कुलपाचं कव्हर हवं. रेक्झिन उरलंय. पण शिवायला तिच्याकडेच द्यावं लागेल.