लग्न लागलं, मामा राहिले

तीर्थस्वरूप रामहरीदादा यांस,

तिसगावहून तुमचे दाजी कानिफनाथ यांचा दोन्ही हात जोडून दंडवत. (एरवी मेव्हण्याला कोणी दंडवत घालत नाही, रामराम घालतात. पण या खेपेला रामरामावर भागेल असं वाटत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तांबडी गाय व्याली का, आणि व्याली असल्यास कालवड की गोऱ्हा, हे तुमची बहीण चांगुणा रोज विचारते. मी काय सांगणार? तुम्ही फोन उचलत नाही. माझा उचलत नाही हे मी समजू शकतो, पण सख्ख्या बहिणीचाही उचलत नाही. शेवटी नवी सूनबाई म्हणाली, मामांना पत्र लिहा, पत्र काही कट करता येत नाही. म्हणून कितीतरी वर्षांनी कागद घेऊन बसलो आहे.

'नवी सूनबाई' वाचून तुमच्या कपाळावर आठी पडली असेल. (पडू द्या, पण कागद खाली ठेवू नका.) सख्ख्या भाच्याचं, अमृतचं, लग्न तुम्हाला तुमच्याच गल्लीतल्या करण ड्रायव्हरच्या स्टेटसवरून कळलं. त्या फोटोत तो टॉवेल-टोपी घालून उभा होता आणि खाली त्याने 'आज मामा झालो' असं लिहिलं होतं. तुमच्या जागी मी असतो तर फोन विहिरीत टाकला असता. तेव्हा झालं काय, ते पहिल्यापासून सांगतो.

आम्ही गेलो होतो ते फक्त बघायला. कोपरगावजवळचं स्थळ. तुम्हाला मी आधी फोनवर सांगितलंच होतं की दादा, नुसतं बघून येतो, गुडघा दुखतोय तर तुम्ही कशाला हेलपाटा घालता. लग्नाला तुमच्या दारात गाडी पाठवून तुम्हाला मानाने घेऊन येऊ. पहिल्या पाहणीला बाप्यांनीच जायचं ही आमच्या घरची रीत, म्हणून चांगुणाही घरी राहिली. लगीनसराईत तिसगावात गाडी मिळेना, तेव्हा करणचं नाव तुम्हीच सुचवलं. (हे मी दोष म्हणून लिहीत नाही. पोरगा गाडी चांगली चालवतो.)

दादा, तुम्हाला खोटं वाटेल, पण त्या दिवशी एकही माणूस चुकीचं बोलला नाही. सकाळी पोहे खाल्ले. मुलगी ज्ञानेश्वरी, नर्सिंग शिकलेली, एका दवाखान्यात नोकरीला. पोरांना बोलायला ओट्यावर बसवलं, तर दोघं हसत परत आली. पसंती झाली. मुलीचे चुलते सहादेवराव म्हणाले, "पाव्हणं, पसंती हाय तर कुंकू आजच लावून घिऊ. तेवढ्यासाठी पुन्ना कशाला येनं-जानं?" बरोबर वाटलं. कुंकू लागलं. मग ते म्हणाले, कुंकवाला जमलेलीच माणसं साखरपुड्याला जमणार, त्यांना दोनदा कशाला दमवायचं? हेही बरोबर. मुलीच्या भावाने मोटारसायकलवर जाऊन कोपरगावातून अंगठी आणली (अमृतला किंचित घट्ट होते) आणि दुपारी साखरपुडा झाला. जेवताना सहादेवरावांनी शेजारी बोट केलं. "त्यो मांडव हुबाच हाय. काल त्यांच्या पोरीचं झालं, उद्या सोडनार. भटजी वास्तुशांतीला गावातच आल्यात. एकदा उसाला तोड आली की मंग कुनाला येळ हाय?" अमृत म्हणाला, कंपनी पुन्हा रजा देईल असं नाही. मुलगी म्हणाली, मलाही ड्युटी बदलून मिळत नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या हातात जिलबी होती. मी म्हणालो, बघा बुवा. एवढंच म्हणालो. याला होकार म्हणतात हे मला पोराला हळद लागल्यावर कळलं.

चांगुणाला फोन केला तर ती म्हणाली, "आधी दादाला लावा." लावला. तुमचा मोबाईल घरी खुंटीला, तुम्ही रानात, आणि वहिनी तुमचा फोन उचलत नाहीत. (रीत चांगली आहे, पण त्या दिवशी नडली.) तोवर मांडवात माईकवाल्याने पुकारलं की दोन्हीकडच्या मामा मंडळींनी नवरा-नवरीच्या पाठीशी उभं राहावं. मुलीचे मामा उभे राहिले. अमृतच्या मागे मोकळी जागा. पुन्हा पुकारलं. मी उभी नोकरी पाथर्डीच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर म्हणून काढली. पुकारूनही प्रवासी आला नाही तर गाडी सोडायची, हे माझ्या अंगवळणी पडलेलं. पण ती मोकळी जागा बघून मीच भटजींना म्हणालो, जरा थांबा. तेवढ्यात सहादेवरावांनी विचारलं, "मामाच्या गावचं कुनी हाय का?" सगळ्यांना ते एकदम पटलं. मामा नाही तर मामाचं गाव तरी पाठीशी असावं! करण गाडीत पाय वर करून झोपला होता. त्याला उठवून तोंड धुवायला लावलं, खांद्यावर टॉवेल टाकला, डोक्यावर टोपी ठेवली आणि उभा केला. (तो चपला काढायला विसरला. तुम्ही विसरला नसता.)

चांगुणा इकडे तिसगावात, स्वयंपाकघरात ठेवणीतली साडी नेसून, मुठीत अक्षता घेऊन, व्हिडिओ कॉल लावून पिठाच्या डब्याला टेकवलेल्या मोबाईलसमोर उभी. शेजारच्या रंगुबाई सोबतीला होत्या, त्यांच्याकडूनच मला हे कळलं. तिकडे फोन ज्या पाहुण्याने धरला होता तो वर बघत असावा, कारण बराच वेळ यांना मांडवाचं कापडच दिसत होतं. भटजींनी दोन मंगलाष्टका म्हटल्या आणि बाकीच्या मनात म्हणा असं सांगितलं. शेवटचं 'सावधान' झालं आणि नेमकी रेंज गेली. चित्र जागच्या जागी थांबलं. त्यात अमृत नव्हता, ज्ञानेश्वरी नव्हती. टोपीतला करण होता, जांभई देताना. आईने अक्षता तर टाकायलाच हव्यात. तिने त्या करणवर टाकल्या. (पिठात अजून तांदूळ सापडतात.)

आम्ही घरी आल्यावर तिने काही कमी केलं नाही. भाकरतुकडा ओवाळून टाकला, सुनेला माप ओलांडायला लावलं. मग मला आत बोलावलं आणि एवढंच म्हणाली, "माझ्या लेकाच्या पाठीशी डायवर हुबा हुता. दादा काय म्हनंल?" दादा, गाडी उशिरा का सुटली याची कारणं मी आयुष्यभर लोकांना देत आलो आणि ती लोकांना पटायचीही. लग्न लवकर का लागलं याचं कारण मला देता येईना. तेव्हापासून ती कामापुरतं बोलते. ट्रंक उघडते, काहीतरी बघते, बंद करते. फोन वाजला की आधी तिचा हात जातो, आणि तुमचं नाव नाही म्हटल्यावर फोन माझ्याकडे येतो.

एवढी घाई करून वाचवलेला वेळ कुठे गेला म्हणाल, तर तो घरातच आहे. अमृत दिवाणावर पडून मोबाईल बघतो. ज्ञानेश्वरी परवा सासूला म्हणाली, "आई, माझं लग्न झालंय हे मलाही इथं आल्यावरच कळलं. मैत्रिणी अजून विचारतात, तारीख कधीची धरलीय?" त्यावर दोघी खूप हसल्या, आणि मग दोघींनीही पदराने डोळे पुसले. मला वाईट वाटलं. घरात भांडण नाही, कोणाची तक्रार नाही, पण एक लग्न करायचं राहून गेलंय असं सगळ्यांनाच वाटतं.

तुमच्या रागावर बोलायचा मला अधिकार नाही. पत्र सावकाश वाचा, सावकाश विचार करा, राग आला आहे तोही सावकाशच जाऊ द्या. घाईने काही ठरवू नका. घाईचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. वहिनींना नमस्कार. तांबडीला माझ्यातर्फे एक पेंढी जास्त घाला.

तुमच्या बहिणीमुळे का होईना, पण तुमचाच,
कानिफनाथ

ता. क. विचार जरा लवकर केलात तर बरं. आज संध्याकाळी आमच्याकडे जागरण-गोंधळ आहे. त्याआधी, दिवसाउजेडी, अंगणात पुन्हा अंतरपाट धरायचा असं सासू-सुनेने ठरवलं आहे. भटजी म्हणाले, लागलेलं लग्न परत लावता येत नाही. म्हणून मंगलाष्टका मी म्हणणार आहे, आणि सगळ्या म्हणणार आहे. माईकवर बोलायची मला सवय आहे. पाठीशी उभे राहायला मात्र मामा पाहिजेत.

आणखी ता. क. पत्र चांगुणाला वाचून दाखवलं. ती म्हणते, "दादाला लिवा, त्याचा मान मी कुनाला दिल्याला न्हाई. त्या पोराच्या डोक्यावर पोरीकडची टोपी हुती. दादाचा फेटा अजून माझ्या ट्रंकेत हाय." फेटा, धोतरजोडी, सगळा पोशाख तिने दिवाळीतच पाथर्डीच्या बाजारातून आणून ठेवला होता. मलाही हे आत्ताच कळलं.

शेवटचं ता. क. हे पत्र टपालाने आलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. ज्याने हातात दिलं तो करण तुमच्यासमोर मान खाली घालून उभा असेल. त्याला रागावू नका आणि चहाही देऊ नका, तेवढा वेळ नाही. गाडी दारात चालूच ठेवायला सांगितली आहे. लग्नाला दारात गाडी पाठवीन असा शब्द दिला होता, ती हीच गाडी. वहिनींना घ्या आणि बसा. कपडे बदलत बसू नका, पोशाख इथे आहे. सावकाशीबद्दल मी वर जे लिहिलं ते परत घरी गेल्यावर वाचा. चांगुणा ठेवणीतली साडी नेसून, मुठीत अक्षता घेऊन, आत्तापासूनच दारात उभी आहे.