ऐलाची भीती मोजताना

३ नोव्हेंबर

नाही पाठवणार! ऐलाला आता पोहायला पाठवणार नाही. शाळेला काय करायचं ते करू दे.

शाळेच्या पोहण्याच्या तलावाच्या काठावर उभी राहून पोरगी खदाखदा हसत होती म्हणे. म्हणून पोहायला शिकवणाऱ्या मिस डोनेलीनं हात धरून पाण्यात ओढली. वर मला म्हणते, "अहो, किती मजा वाटत होती तिला!" मजा? घरी आणली तरी पायाची बोटं आवळलेलीच. आठ वर्षांची माझी लेक बोलत नाही, टॅबवरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगते. आणि घाबरली की हसते. आमच्या मांजरालाही ठाऊक आहे हे!

५ नोव्हेंबर

शाळेच्या मानसतज्ज्ञ लाफ्लरबाईंनी प्रश्नावली काढली. भीती वाटली की रडते का? पळून जाते का? किंचाळते का? नाही, नाही, नाही. बेरीज जवळजवळ शून्य. "म्हणजे भीती फारशी नाहीच."

म्हटलं, "बाई, हे प्रश्न रडणाऱ्या मुलांचे आहेत. माझी हसते. तिनं कुठे जायचं?"

बाईंनी प्रश्नावली बाजूला सारली. हळूच — "तुम्ही कशावरून ओळखता?"

ऐलाला ऑटिझमचं नाव लागल्यापासून हे कुणी विचारलंच नव्हतं! सुटलेच मी. मान आखडते, हात गार पडतात, हसताना श्वास घ्यायलाही थांबत नाही...

६ नोव्हेंबर

नवरा म्हणतो, "तू भांडायला लागलीस की इथलं समुद्राएवढं सुपीरियर सरोवरसुद्धा मागे सरकतं!" सरकू दे.

१२ नोव्हेंबर

लाफ्लरबाईंना स्वतः पाहायचं होतं. माझी अट — तलावाच्या दारापर्यंतच, ऐला वळली की परत. दारातच हसू सुरू झालं. बाईंनी तिचा हात हातात घेतला आणि त्यांचा चेहराच उतरला. डोनेलीला म्हणाल्या, "पोरगी घाबरलीय. हिचं पोहणं बंद."

जिंकले!

जाताना बाईंनी टॅबवर नवं चित्र घालून दिलं : 'भीती'. ऐलानं ढुंकूनही पाहिलं नाही.

१७ नोव्हेंबर

मी फोनवर मुख्याध्यापकांवर कडाडत होते — डोनेलीनं माफी मागायलाच हवी! ऐला आली, टॅब माझ्यापुढे धरला. बोट 'भीती'वर. पहिल्यांदाच!

"कशाची गं राणी? पाण्याची?"

बोट सरकलं. 'आई'.

फोनवर ते अजून "हॅलो? हॅलो?" करत होते.