खांदे मागणारी गाडी

मी, रूपश्री आप्पाजी सुलाखे, वय एक्कावन्न, व्यवसाय शिवणकाम (आता बंद), राहणार येलहंका जुने गाव, बेंगळुरू, हे मृत्युपत्र कुणाच्या दबावाखाली नाही, भीतीपोटी नाही, आणि कुणाला खूश करण्यासाठी तर मुळीच नाही, अशा स्थितीत लिहवून घेत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. बाकीचे काय काय ठिकाणावर नाही ते सोबत जोडलेल्या डॉक्टरांच्या दाखल्यात आहे. थोडक्यात सांगायचे तर ऐन विशीत सुरू झालेल्या स्नायूंच्या आजाराने आधी माझ्या मांड्या नेल्या, मग कंबर, आणि आता खांदे व हात. पेन धरता येत नाही, म्हणून शेजारचे विठ्ठलराव महेंद्रकर मी सांगेन तसे लिहीत आहेत. वाक्ये गोड करायची नाहीत, असे मी त्यांना आधीच बजावले आहे. कन्नड मला दुकानापुरती येते, मनातले मात्र घरच्या मराठीतच सांगता येते, म्हणून हा कागद मराठीत.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. यानंतर करण्याइतकी मी उरेन असे वाटत नाही.

१. वडिलोपार्जित घराचा खालचा मजला माझ्या नावे आहे. वरच्या मजल्यावर माझा धाकटा भाऊ प्रदीपकुमार आणि त्याची पत्नी शिल्पाश्री राहतात. खालचा मजला मी शिल्पाश्रीला देते, प्रदीपकुमारला नाही. मला अंघोळ ती घालते, घास ती भरवते, आणि या सगळ्यात तिने कधी माझ्याकडे दयेने पाहिलेले नाही. कंटाळून पाहिले आहे, ते मला चालते. दारासमोर माझ्या चाकांच्या खुर्चीसाठी केलेला उतार फोडून पुन्हा पायऱ्या करायच्या असतील तर खुशाल कराव्यात. माझी आठवण म्हणून काहीही राखून ठेवू नये.

२. शिलाईची मशिने, कात्र्या, इस्त्रीचे टेबल आणि बँकेत जे काही असेल ते प्रदीपकुमारची मुलगी भूमिका हिला. ती इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरी करते, तिला सुईत दोरा ओवता येत नाही, हे मला माहीत आहे. मशिने विकावीत. मोठी कात्री विकू नये, तिला धार आहे.

३. आता माझ्या तीनचाकी मोटरसायकलीबाबत. हे कलम लांबेल. विठ्ठलराव म्हणाले, "रूपश्री, गाडीचा नंबर आणि कुणाला द्यायची तेवढं पुरतं." मी म्हटले, लिहा.

ही मोटरसायकल मूळची मालोजी पवार यांची. त्यांचे बॅटऱ्यांचे दुकान होते. एका अपघातात त्यांचा डावा पाय मांडीपासून गेला, आणि पँटची एक बाजू आखूड करून घ्यायला ते माझ्या दुकानात आले. मी तेव्हा काठी घेऊन चालत होते. त्यांनी पँट काउंटरवर ठेवली आणि म्हणाले, "अक्का, अर्ध्या कामाचे अर्धेच पैसे घेणार ना?" मी हसले नाही. त्यांना वाटले मी रागावले. मी रागावले नव्हते, माझ्याशी असे कुणी बोलत नसे इतकेच.

पुढे ते काहीबाही शिवायला येत राहिले. काही महिन्यांनी त्यांनी मला अक्का म्हणणे सोडले. त्याऐवजी दुसरे काही म्हणायलाही सुरुवात केली नाही. आमच्यात जे होते ते एवढेच आणि इतके होते.

पाय गेल्यावर मोटरसायकल त्यांनी घरी झाकून ठेवली आणि बाजूची दोन चाके लावलेली स्कूटर घेतली. माझ्यासारखीने काय घ्यावे याची चर्चा आमच्यात रोज होई, कारण रिक्षावाल्यांनी मला उचलून आत बसवावे आणि उतरवावे याचा मला वीट आला होता. मालोजींचे म्हणणे ठाम असे. "दिसायला कशी आहे ते मागाहून बघ. आधी बसायचं कसं आणि उतरायचं कसं ते बघ. मग वाटेत बंद पडली तर काय, ते बघ. आणि ही माझ्यासारखी स्कूटर घेऊ नकोस. दोन चाकांची गाडी खड्डा चुकवते. ही एक खड्डा चुकवते नि दुसऱ्यात पडते."

त्याच स्कूटरने ते गेले. रस्त्याची कड खणून ठेवली होती, बाजूचे चाक त्यात गेले, गाडी उलटली आणि मागून टेम्पो आला. मला दुपारी दुकानात कळले. मी त्यांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या वहिनीने विचारले, "या कोण?" त्यांचे थोरले बंधू म्हणाले, "टेलर आहेत." मला बसायला खुर्ची दिली, ती दाराबाहेर. आतून न्यायची तयारी चालल्याचे आवाज येत होते. चेहरा मला पाहू दिला नाही. अडवले असे नाही. माझ्यासाठी वाट करून द्यावी असे कुणाला सुचले नाही, आणि मी सांगू शकले नाही, कारण काय सांगायचे होते?

वर्षभराने त्यांच्या घरच्यांनी ती झाकलेली मोटरसायकल विकायला काढली. मी दलालामार्फत घेतली. घेणारी कोण हे त्यांना आजही माहीत नाही. या कागदावरून कळेल. कळू दे.

तिची तीनचाकी करायची की दुसरी एखादी तयार गाडी घ्यायची, याचा मी पुष्कळ विचार केला. कुणी म्हणेल वेडाच्या भरात केले, म्हणून हे लिहवते. पुढे दोन चाके असलेली एक परदेशी बनावटीची गाडी पाहिली. ती वळणात झुकते, सुंदर चालते. पण आसन उंच, आणि थांबल्यावर पाय टेकवावा लागतो. पाय टेकवता आला असता तर मला तिसरे चाक कशाला हवे होते? तोवर मला काठ्यांबरोबर खुर्चीही लागू लागली होती, म्हणून मग खुर्चीसकट आत चढता येणारी विजेवरची गाडी पाहिली. माझे डॉक्टर म्हणाले, "हीच घ्या. आजच्या हाताकडे पाहून निवडू नका, दोन-तीन वर्षांनी जो हात असेल त्याच्यासाठी निवडा." त्यांचे म्हणणे बरोबर होते. मी ती चालवून पाहिली. आत बसले आणि लक्षात आले की ही माझी खुर्चीच आहे, फक्त हिला नंबरप्लेट आहे.

मी मालोजींची मोटरसायकल निवडली. मागचे चाक काढून मोटारीसारखा आडवा आस, त्यावर दोन चाके, बसण्याची जागा खाली आणलेली, पाठीला टेकण, गिअर पायाऐवजी डाव्या हाताच्या दांड्याने, मागचा ब्रेकही हाताचा, मागे येण्यासाठी रिव्हर्स, काठ्या अडकवायला खोबणी. गॅरेजवाल्याने काम घेण्यापूर्वी स्पष्ट सांगितले, "मॅडम, ही झुकत नाही. वळवायची म्हणजे हँडल ओढून वळवावं लागतं. पाय लागणार नाहीत, पण खांदे लागतील." माझ्या आजाराचे पुढचे ठिकाण खांदेच होते. मला ते माहीत होते. मी म्हटले, करा.

शिवताना आम्ही कापडात माया सोडतो. अंग वाढले, सुटले, तर उसवून जागा करता यावी म्हणून. ती गाडी मी माया न सोडता शिवून घेतली.

आधी गाडीचे काम रखडले, मग बदललेल्या गाडीच्या नोंदणीची परवानगी रखडली. कुणी छळले नाही. प्रत्येक टेबलावरचा माणूस नम्रपणे म्हणाला, "स्वल्प वेळ लागेल." त्या स्वल्प वेळात माझा उजवा हात डोक्यापर्यंत जाईनासा झाला. मी वेणी कापून टाकली.

गाडी हाती आली तो हिवाळा आणि पुढचा उन्हाळा, एवढे दिवस मी ती चालवली. त्याबद्दल फार लिहवणार नाही, कारण लिहवू लागले की रडू येते आणि माझे नाक दुसऱ्याला पुसावे लागते. एवढेच की दोड्डबळ्ळापूरच्या रस्त्यावरच्या एका दर्शिनीसमोर, म्हणजे उभ्याने खायच्या हॉटेलासमोर, मी गाडीवर बसूनच कॉफी पीत असे. हॉटेलवाला पेला आणून देई आणि इंजिनाबद्दल विचारी. पायांबद्दल त्याने कधीच विचारले नाही.

मग जंक्शनजवळच्या वळणावर माझ्या खांद्याने हँडल ओढले नाही. मी ओढत होते, खांदा येत नव्हता. वळण डावीकडे गेले, मी सरळ गेले आणि दुभाजकाला धडकून थांबले. कुणाला लागले नाही, मलाही नाही. प्रदीपकुमार आला. त्याने मला गाडीवरून उचलले, किल्ली काढली आणि स्वतःच्या खिशात टाकली.

मी म्हटले, "प्रदीप, किल्ली दे."

तो म्हणाला, "अक्का, आता कशाला?"

त्याचा हा प्रश्न मी तेव्हापासून रोज सकाळी स्वतःला विचारते.

४. प्रदीपकुमारचा विचार असा की मागचा आस काढून मोटरसायकल पूर्वीसारखी दोन चाकांची करावी आणि विकावी. जुन्या इंजिनाला गिऱ्हाईक आहे, असे त्याने माझ्या खोलीच्या दाराशी उभे राहून फोनवर सांगितले. कान माझे शाबूत आहेत. या गोष्टीस माझी सक्त मनाई आहे.

गाडी कुणा चालवणाऱ्याला मिळावी म्हणून मी प्रयत्न केला. भूमिकाच्या ओळखीची अंजली नावाची मुलगी, मूळची पुण्याची, इंदिरानगरला एका कंपनीत काम करते. अपघातात तिच्या मणक्याला मार बसला. ती गाडी बघायला आली. प्रदीपकुमारने आणि टॅक्सीवाल्याने तिला आसनावर बसवले. तिने हँडल धरले, ओढले. हात तिचे मजबूत. पण सोडल्याबरोबर एका बाजूला कलली.

"मॅम, खरं सांगू? माझा कंबरेच्या वरपण बॅलन्स नाहीये. टर्नला मी फेकली जाईन बाहेर."

"पट्टा लावता येईल."

"मग पट्ट्यावरच लटकत राहीन ना मी." ती हसली. मग तिने विचारले, "तुम्ही कशी सिलेक्ट केली ही?"

मी तिला मालोजींनी मला सांगितले होते ते सगळे सांगितले, आणि वर डॉक्टरांचे. आजच्या अंगासाठी घेऊ नकोस, पुढे जे राहील त्या अंगासाठी घे.

ती म्हणाली, "माझं स्टेबल आहे, मॅम. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं राहणार."

कंबरेखाली काहीही जाणवत नसलेल्या त्या मुलीचा मला हेवा वाटला. मी कुठवर येऊन पोचले आहे ते यावरून समजावे. तिला ते दिसले असावे. जाताना तिने माझ्या हातावर हात ठेवला. मला तिचा राग नाही. तिच्या अंगाला ती गाडी बसत नाही, आणि माझ्या अंगाला आता कोणतीच बसत नाही.

म्हणून असे ठरवते: माझ्या मृत्यूनंतर गाडीची नोंदणी रद्द करावी. मागचा आस, रिव्हर्सची जोडणी आणि हाताचा ब्रेक हे सुटे करून अंजलीला द्यावेत, ती जी गाडी निवडेल तिला उपयोगी पडले तर. न पडले तर तिने टाकून द्यावेत, मला विचारायला मी नसेन. सांगाडा आणि इंजिन भंगारात कापून घालावे, आणि कापताना भूमिकाने उभे राहून पाहावे. ही गाडी जपून ठेवू नये, अंगणात उभी करू नये, तिला हार घालू नये.

५. मालोजींच्या थोरल्या बंधूंना मी काही देत नाही, त्यांच्याकडून काही मागतही नाही. फक्त या मृत्युपत्राची एक प्रत त्यांना पोचवावी. मी मालोजींची नुसती टेलर नव्हते.

६. माझे दहन विद्युतदाहिनीत करावे. कुठल्याही विधीची मला गरज नाही. शिल्पाश्रीला करायचे असतील तर तिने करावेत, तिची गोष्ट वेगळी. मात्र माझ्या मागे "सुटली बिचारी" असे कुणी म्हणू नये. मी सुटलेली नाही. मला आणखी चालवायची होती, पुढच्या उन्हाळ्यात चालवायची होती, म्हातारी होईपर्यंत चालवायची होती. जे होते ते माझ्याकडून एकेक करून काढून घेतले गेले आणि शेवटी मी राहिले, ती मीही गेले. याला सुटका म्हणत नाहीत. येणाऱ्याने चहा घ्यावा आणि गप्प बसावे.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी भूमिकाने करावी.

८. हे कलम मजकूर वाचून दाखवल्यानंतर घातले आहे. विठ्ठलराव मोठ्याने वाचत असताना प्रदीपकुमार बाहेरच्या खोलीत होता. गाडीचे कलम संपल्यावर तो आत आला आणि माझ्या पलंगाशी खाली बसला. म्हणाला, "अक्का, मला इंजिनाचं गिऱ्हाईक नको होतं. ती गाडी दारात दिसते, मग तू दिसतेस. मला दोन्ही एकदम बघवत नाही." मी विचारले, "मग किल्ली का नाही दिलीस?" तो म्हणाला, "दिली असती तर तू हातात धरून बसली असतीस. आणि एक दिवस ती हातातून पडली असती. ते मला बघायचं नव्हतं." मग तो माझ्या पायांशी डोके ठेवून रडला. मला त्याच्या केसांवरून हात फिरवायचा होता. हात उचलला नाही. हे त्याला कळले की नाही, मला ठाऊक नाही, म्हणून येथे लिहवून ठेवते: फिरवायचा होता.

त्याचे म्हणणे नोंदवले. गाडीबाबतचा निर्णय बदललेला नाही.

वरील सर्व मजकूर मला वाचून दाखवण्यात आला, तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. सही करता येत नसल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा देत आहे. अंगठा माझ्या सांगण्यावरून साक्षीदार क्रमांक दोन यांनी शाईला आणि कागदाला लावला. दाबला मी.

(डाव्या अंगठ्याचा ठसा)
रूपश्री आप्पाजी सुलाखे

रूपश्री सुलाखे यांनी आम्हा दोघांच्या समक्ष, शुद्धीत व राजीखुशीने ठसा दिला आणि आम्ही त्यांच्या समक्ष सह्या केल्या.

साक्षीदार
१. डॉ. शुभंकर तेलकर, येलहंका (सही)
२. शकुंतलाबाई माळवदे, येलहंका (सही)

लेखनिक: विठ्ठलराव महेंद्रकर (सही)

स्थळ: येलहंका, बेंगळुरू
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५