आठवी ‘ब’ आणि सरांचा डावा पाय

केर्केना बेट,
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

आदरणीय सासिया मावशी,

तुझ्या कपाळाला आणि दोन्ही हातांना इथूनच ओठ टेकवतो. तिकडे केफच्या डोंगरात आता कडाक्याची थंडी पडली असेल. गुडघ्याला तेल स्वतः चोळतेस, की ते चोळायचा सल्ला नुसता शेजारणींना देतेस? कोंबड्या अंडी देतात ना? मी इथे खुशाल आहे. (हे वाक्य पत्रात लिहायचं असतं म्हणून लिहिलं. पुढचं वाचून तूच काय ते ठरव.) हे सगळं फोनवरच सांगितलं असतं, पण फोनवर तू मला आजवर तिसरं वाक्य पुरं करू दिलेलं नाहीस. शिवाय शेजारी बसून आई ऐकते.

तू चौतीस वर्षं मास्तरकी केलीस. मुलं दंगा करतात, डोकं उठवतात, असं तू सांगायचीस. मावशी, मला कुणी थोडा दंगा उसना दिला तर मी त्याचे पाय धुऊन पाणी पिईन. माझी आठवी ‘ब’ दंगा करत नाही. सत्तावीस मुलंमुली हाताची घडी घालून माझ्याकडे बघतात. बर्फावर मांडलेली मासळी गिऱ्हाइकाकडे बघते ना, तशी. राग नाही, लोभ नाही. मी विचारतो, समजलं का? की सत्तावीस तोंडांतून एकदम येतं, “हो, सर.” या ‘हो, सर’ला मी जितका भितो तितका खाटकाच्या गल्लीतल्या कुत्र्यांनाही कधी भ्यालो नाही. (कुत्रा चावणार की नाही, हे निदान त्याच्या शेपटीवरून कळतं.) ऑक्टोबरच्या गणिताच्या चाचणीत एकोणीस पेपर कोरे आले. विसाव्यावर बोटीचं चित्र होतं, दोऱ्या-गाठींसकट अगदी सुरेख. मी त्याला शून्य दिलं आणि त्या दिवशी घरी जाताना रस्ताभर मागे वळून वळून बघत होतो.

मुख्याध्यापक बुबकर सर माणूस चांगला. मला चहा पाजून म्हणाले, “लसाद, इथली पोरं पाण्यात तरतात आणि कागदावर बुडतात. एवढं मनाला लावून घेऊ नकोस. कायम झालास की तुलाही सवय होईल.” पण कायम होणं हेच तर माझं दुखणं! दोन वर्षांची उमेदवारी संपली की स्फाक्सहून इन्स्पेक्टरीणबाई येतात, एक तास वर्गात मागे बसतात आणि माणसाचं भवितव्य चार ओळींत लिहून परत जातात. बाईंचं आडनाव शरफी. त्यांच्याबद्दल शिक्षकांच्या खोलीत कुणी मोठ्यानं बोलत नाही. संगीताच्या सरांनी मला दार लावून सांगितलं की मागच्या खेपेला एकाच्या तासाला बाई अवाक्षर बोलल्या नाहीत, नुसतं पेनाला टोपण लावलं. तो माणूस आता सिमेंटच्या दुकानात बसतो.

मी काही केलं नाही असं नाही. ‘मुलांना शिकण्याची गोडी कशी लावावी’ या विषयावर आम्हा नव्या शिक्षकांचं दोन दिवसांचं शिबिर झालं होतं. शिबिरात मला स्वतःला दोनदा झोप लागली, पण जागेपणी जे कानावर आलं ते सगळं वहीत उतरवून आणलं. पहिला उपाय सोनेरी चांदण्यांचा. बरोबर उत्तराला एक चांदणी. चार दिवसांत सगळ्या चांदण्या बुबकर सरांच्या मोपेडवर झळकल्या. (उत्तर एकही आलं नव्हतं. अख्खं पाकीटच गेलं होतं.) दुसरा उपाय खाऊचा. मुलांनी आपसांत वाटून घेऊन प्रत्येकी एकेक उत्तर पाठ केलं, एकेक तिळाची वडी घेतली आणि पुन्हा मासळी होऊन बसली. तिसरा उपाय स्पर्धेचा. खिडकीकडचा एक संघ, भिंतीकडचा दुसरा. आता खिडकीकडची सगळी पोरं एका गावची, भिंतीकडची दुसऱ्या गावची, आणि समुद्रातल्या मासे धरायच्या एका कुंपणावरून या दोन गावांचं आजोबांच्या काळापासून वाकडं आहे, हे मला शिबिरात कुठे सांगितलं होतं? अपूर्णांकांच्या पहिल्याच फेरीत भिंतीकडचे हरले. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकात दोन्हीकडचे काके बाह्या सरसावून उभे. मी मोरीच्या खिडकीतून बाहेर पडलो. (खिडकी लहान आहे. माझ्या सदऱ्याची एक बाही अजून तिथे लटकते आहे.)

अशात पत्र आलं की शरफी बाई पुढच्या शुक्रवारी येणार. मधे नऊ दिवस. माझं जेवण सुटलं. घरमालकीण आवडीनं ऑक्टोपसचा कुसकुस करून पाठवायची, तो बघूनसुद्धा वाटायचं, या बिचाऱ्याची निदान सुटका झाली. शेवटी मी लाज सोडली. वर्गात अगदी मागच्या बाकावर, खिडकीशी बसणारी बेया नावाची मुलगी आहे. बोटीचं चित्र काढणारी ती हीच. तास संपल्यावर तिला थांबवलं आणि म्हटलं, “बेया, खरं सांग. मी काय केलं म्हणजे तुम्ही बोलाल?”

“रागावणार नाही ना, सर?”

“नाही.” (रागवायला धाडस लागतं.)

“तुम्ही जे विचारता ना सर, ते तुम्हाला आधीच माहीत असतं. मग आम्हाला कशाला विचारता? आमची आजी म्हणते, माहीत असून विचारतो तो पोलीस.”

मावशी, एवढं बोलून ती दप्तर उचलून गेली. मी बाकावर बसलो तो शिपाई कुलूप लावायला येईपर्यंत.

दुसऱ्या दिवशी वर्गात गेलो. पुस्तक उघडलं आणि मिटलं. मला खरोखर काय माहीत नाही याचा विचार करत खिडकीबाहेर बघितलं. (यादी इतकी लांब होती की अर्ध्यावरच थांबलो.) समोर समुद्र. म्हटलं, “मी डोंगरातला माणूस. मला एक कळत नाही. सकाळी पाणी त्या पांढऱ्या दगडापाशी होतं, आता कुठल्या कुठे गेलंय. हे किती मागे जातं?”

मोएझ नावाचा भिंतीकडचा मुलगा पुटपुटला, “शंभर पावलं.” खिडकीकडून कुणीतरी ओरडलं, “डोळे फुटले का रे तुझे? तीनशे!” “तुझी पावलं कोंबडीची!” “चंद्रावर असतं सर, आज कमी, पौर्णिमेला जास्त!” “याच्या आजोबांना विचारू नका सर, ते किनाऱ्यावरूनच मासे मोजतात!” जो गलका उठला, तो ऐकून बुबकर सर आग लागली समजून पाण्याची बादली घेऊन धावत आले. आणि मी, मावशी, मी आनंदाच्या भरात ओरडलो, “चला, मोजूनच बघू!”

माणसानं आनंदात बोलू नये. मला पोहता येत नाही. आपल्याकडे पाणी कसं, झऱ्याला असतं, नळाला असतं, बोलावल्यावर येतं. पण सत्तावीस तोंडं पहिल्यांदा उघडली होती, ती पुन्हा मिटतील या भीतीपुढे बुडण्याची भीती जेमतेम एका पावलानं मागे पडली. बुबकर सरांनी परवानगी दिली, सगळ्यांच्या घरून चिठ्ठ्या आल्या, आणि बेयाच्या आजोबांनी आपली सपाट बुडाची होडी घेऊन सोबत यायचं कबूल केलं. दिवस ठरला गुरुवार, म्हणजे तपासणीचा आदला दिवस.

इथला समुद्र उथळ आहे हे खरं. दोनशे मीटर चालत गेलं तरी पाणी गुडघ्याला. पण गुडघा माझा आहे, मावशी! पोरं उड्या मारायची दोरी असावी तशी, मोजायला पावलापावलावर गाठ मारलेली दोरी घेऊन पुढे पळत होती आणि मला शिकवत होती. “पाऊल उचलायचं नाही सर, सरकवायचं. नाहीतर वाळूत दडलेल्या पाकट माशावर पडेल.” पाकट शेपटीच्या विषारी काट्यानं काय करतो हे त्यांनी मला तीन मामांच्या तीन गोष्टींसह सांगितलं. पहाटेच ओहोटीची रेषा मोजून झाली. (दोनशे चौदा पावलं, माझी नव्हेत.) मग मोएझनं ऑक्टोपससाठी तळाला सोडलेलं एक मडकं माझ्या हातात ठेवलं. मी आत बघितलं. आतून कुणीतरी माझ्याकडे बघितलं, आणि एक थंडगार हात निवांतपणे माझ्या मनगटावर आला.

किंचाळलो की नाही ते आठवत नाही. आजोबा म्हणतात पक्षी उडाले. मोएझनं तो प्राणी सोडवून नेला, पण माझे पाय जे वाळूत रुतले ते रुतलेच. हलेचनात. त्यात भरती चढत होती. आजोबा म्हणाले, “ये, होडीत बस.” होडी डुलत होती. मी नकाराची मान हलवली. तेवढा एकच अवयव चालू होता. मग माझ्या तोंडून प्रश्न निघाला, “मुलांनो, हे पाणी माझ्या नाकापर्यंत किती वाजता येईल?”

मावशी, माझ्या दोन वर्षांच्या नोकरीत, ज्याचं उत्तर मला मनापासून हवं होतं असा हा एकच प्रश्न.

“सर, हलू नका!” बेया ओरडली. “अजिबात हलू नका!” तिनं दप्तरातून मार्कर काढला आणि माझ्या उघड्या डाव्या गुडघ्यावर, पाण्याच्या रेषेवर, खूण केली. नऊ चाळीस. दर वीस मिनिटांनी एक खूण. पहिल्या वीस मिनिटांत पाणी तीन बोटं चढलं. मोएझनं होडीच्या फळीवर वही ठेवून हिशेब मांडला आणि जाहीर केलं, साडेबाराला सरांची कंबर, चारच्या सुमारास नाक. अर्ध्या वर्गानं टाळ्या वाजवल्या. मी डोळे मिटून आईची क्षमा मागितली. पुढच्या वीस मिनिटांत अडीच बोटं. बेया म्हणाली, “नाही, पाणी दमतंय. दर वेळी अर्धं बोट कमी होणार. मधल्या मांडीला, साडेदहा बोटांवर थांबेल.” मोएझ म्हणाला, पाणी काय गाढव आहे दमायला? मग जे भांडण जुंपलं! आलेख निघाले, खोडले, पुन्हा निघाले. कोऱ्या पेपरांची एकोणीस धनी पोरं माझ्या मांडीभोवती कोंडाळं करून एकमेकांची बेरीज तपासत होती.

आणि अशात किनाऱ्याकडून एक उंच बाई, बूट हातात धरून, पाणी कापत आमच्याकडे येताना दिसल्या. शरफी बाई. सकाळच्या फेरीबोटीनं एक दिवस आधी आलेल्या. वर्ग रिकामा बघून थेट इकडे. मला पाकट बरा वाटला.

“काय चाललंय हे?” त्यांनी विचारलं.

बेया बोलली. “सर घाबरलेत, बाई. म्हणून आम्ही मोजतोय.” आणि त्यांच्याकडे खालपासून वर बघून म्हणाली, “तुम्ही उंच आहात. तिथे उभ्या राहता का? एका पायावर विश्वास ठेवता येत नाही.”

मी पेनाच्या टोपणाचा आवाज ऐकायची वाट बघत होतो. बाईंनी बूट होडीत ठेवले, स्कर्टचा काठ सावरला आणि दाखवलेल्या जागी जाऊन उभ्या राहिल्या. सव्वा तास. मधे एकदा त्यांनी मोएझला विचारलं की तुझी रेघ सरळच का, आणि त्याचं उत्तर ऐकून घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. अकरा चाळीसला पाणी थांबलं. माझ्या पायावर साडेदहा बोटं, बाईंच्या पायावर त्या आल्यापासूनची साडेचार. बेया जिंकली. मोएझनं वही पाण्यात आपटली आणि मग तीच वही वाळवत बसून, आपलं कुठे चुकलं ते शोधायला लागला. दोन्ही गावची पोरं एकमेकांवर पाणी उडवत होती. मला होडीत चौघांनी उचलून ठेवलं.

अहवाल काल आला. ‘शिक्षकाची भूमिका’ या रकान्यात बाईंनी लिहिलंय : ‘खांब. समाधानकारक.’ खाली : ‘कायम करावे.’ कोरे पेपर एकोणीसवरून सहावर आलेत. त्या सहांचं काय करावं ते अजून कळत नाही. बाकीचे रोज सकाळी मला असले प्रश्न विचारतात की रात्री झोप येत नाही. आधी ती बोलत नव्हती म्हणून भ्यायचो, आता बोलतात म्हणून भितो. आईला नमस्कार सांग.

तुझा भाचा,
लसाद

ता. क. आईला समुद्राचं काही बोलू नकोस. शाळा पाण्यापासून लांब आहे असं मी तिला सांगितलंय. (बेटावर जितकी लांब असू शकते तितकी.)

ता. क. २. मुद्द्याचं राहिलंच. शरफी बाईंनी हा धडा जिल्ह्यातल्या चाळीस शिक्षकांना प्रत्यक्ष दाखवायचा हुकूम काढलाय. चौदा डिसेंबर. त्याच पाण्यात, त्याच खांबासह. मावशी, तुझ्या पाया पडतो, तू बारा तारखेला अत्यवस्थ हो. ‘भाच्याला ताबडतोब पाठवा’ अशी तार कर, पत्र लिही, काहीही कर. पाकीट बेयाच्या आजोबांकडे देतोय, ते उद्या फेरीबोटीवर टाकतील.

(वेगळ्या अक्षरात) मावशींना बेयाचा सलाम. पाकीट नीट चिकटलं नव्हतं. तुम्ही कृपा करून आजारी पडू नका. चौदा तारखेला पाणी सरांच्या पोटरीच्या वर जाणार नाही, आम्ही सगळ्यांनी मिळून हिशेब केलाय, मोएझनंसुद्धा. पण सरांना कळवू नका. भीती गेली की ते हलतात.