मीटिंगमध्ये अण्णांचं नाव

मंगळवार, १२ ऑगस्ट. वेस्ट मांबलम, चेन्नई.

अण्णा गेल्यानंतर आज पहिल्यांदा ऑफिसला गेलो. आमच्या संस्थेच्या केनियातल्या आरोग्य कार्यक्रमाची मीटिंग होती. नर्सच्या घरभेटींनी रक्तदाब उतरत नाही, गोळ्या गावातच मिळाल्या तर उतरतो, हे माझ्या हाताखालच्या रेवतीने पाहणीतून दाखवलं. मी म्हणालो, "माझे वडील, अण्णा, शेवटपर्यंत नर्सची वाट बघायचे." रेवतीने लॅपटॉप मिटला. "तुमचं बरोबर असेल, सर." घरभेटीच ठेवायच्या, असं ठरलं.

अण्णा वाट बघायचे, हे खरं. पण त्यांचा रक्तदाब कधी उतरला नाही, तेही मीच पाहिलं. मग का बोललो? तिकडे कुणाचे तरी वडील गोळ्यांवाचून राहतील.

रेवतीला मेल केला, "पाहणी उद्या पुन्हा मांड." "माफ कर" एवढं मात्र लिहिता आलं नाही. मग एकट्यापुरता भात लावला.