चौथी ओळख

गोंदिया,
गुरुवार, दुपार

प्रिय चंचल,

फोन न करता चार पानी पत्र येतंय म्हणजे काहीतरी भानगड आहे, हे तू पाकीट हातात घेतानाच ओळखलं असशील. फोन तीनदा उचलला होता. पण तुझा आवाज आला असता की मी दिवाळीला केलं तेच केलं असतं, थंडी कशी आहे, आईचे गुडघे कसे आहेत, एवढं बोलून ठेवून दिला असता. म्हणून हे पत्र. शनिवारी सकाळी तू गाडीतून उतरशील तेव्हा हिमांशु घ्यायला येईल, त्याच्याकडे ते देऊन ठेवतो. हॉटेलवर पोचलीस की आधी वाच, मग झोप.

रविवारच्या कार्यक्रमाचा सगळा व्याप त्या एकट्या हिमांशुनं मांडला आहे. स्टेशनसमोर त्याचं वाद्यांचं दुकान आहे, तुला आठवत असेल, तेव्हा त्याचे वडील बसायचे. फुलचूरच्या एका लॉनमध्ये चार कलाकार, दोन लोकसंगीताचे, दोन रॉकवाले, आणि सगळे आपल्या बळावर गाणारे. महिन्याभरापूर्वी तो माझ्या कॉलेजात आला आणि म्हणाला, "सर, इन लोगों को यहां कोई नहीं जानता. आप पहले से सबका थोड़ा-थोड़ा लिख दो, तो लोग आएंगे." म्हणजे रोज एका कलाकाराची ओळख लिहायची, ती मोबाइलवरून गावभर जाणार, आणि रविवारी मंचावरूनही मीच ती वाचायची. मराठी शिकवणारा माणूस, हो म्हटलं. त्यात काय कठीण आहे, असं वाटलं होतं.

तीन झाल्या. पहिली ईश्वरदासजींची. रेल्वेत गार्ड होते, मालगाडीच्या शेवटच्या डब्यात एकटे बसून माउथ ऑर्गन शिकले, आता सत्तरीत स्वतःची गाणी बांधतात. दुसरी तिरोड्याच्या ‘टर्बाइन’ या बँडची. चार पोरं आणि ड्रमवर डिंपल पटले नावाची नर्सिंग शिकणारी मुलगी. धानाच्या रिकाम्या पोत्यांनी भिंती झाकलेल्या खोलीत ते सराव करतात, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. तरी अख्ख्या गल्लीला त्यांची गाणी पाठ आहेत. तिसरी आज सकाळी गेली, सुकराम मडावींची. चौथी तुझी. ती उद्या जायची होती. मी हिमांशुला सांगून शनिवार संध्याकाळवर ढकलली, कारण ती लिहून होत नाहीये.

म्हणजे लिहितो, आणि खोडतो. ‘चंचल आपल्याच कॉलेजची’ इथपर्यंत ठीक जातं. मग ‘झाडीपट्टीतलं एक पारंपरिक रोवणीचं गाणं तिनं देशभर नेलं’ हे वाक्य येतं आणि मी खुर्चीवरून उठतो. पाणी पितो. गाडी काढून उगाच फुलचूरच्या लॉनपर्यंत जाऊन येतो, तिथे मंडपवाले बांबू उतरवताहेत तेही नीट बघत नाही. काल वर्गात फळ्यावर अर्धं वाक्य लिहून तसाच उभा राहिलो. पोरं हसायला लागली तेव्हा कळलं.

हे सुरू झालं सुकरामजींमुळे. गेल्या रविवारी मी त्यांच्या गावी गेलो होतो, देवरीच्या पुढे, जंगलात. वनखात्यात रोजंदारीवर आहेत, उन्हाळ्यात आगी विझवायला जातात. किंगरी वाजवतात, तीन तारांची, गजानं वाजवायची. तू ऐकशील तेव्हा वेडी होशील. मी वही उघडली आणि त्यांच्याबद्दल विचारायला लागलो, तर ते आपलं सोडून काकाचं सांगायला लागले, ज्याच्याकडून शिकले तो. मग काकाला शिकवणारा, मग त्याचा गुरू, अशी पाच नावं. मी म्हटलं, दादा, दोनच मिनिटं आहेत, एवढी नावं बसणार नाहीत. त्यांनी किंगरी शांतपणे बाजूला ठेवली. म्हणाले, "मंग माझं नोको लिहू. त्याहिचं लिही. बजावनारा तं कोनी बी राहते."

पाचही नावं लिहून घेतली. येताना मात्र गाडीवर जीव थाऱ्यावर नव्हता. कोहमाऱ्याच्या चौकात गोंदियाकडे वळायचं सोडून उलटा अर्जुनीकडे वळलो आणि गावी आईकडे गेलो.

आता बारा वर्षांपूर्वीचं सांगतो. ते तुलाही माहीत आहे, पण तुला जे माहीत आहे त्यातलं अर्धं मी तुला दिलेलं आहे. शेवटच्या वर्षाला आपण गाणी गोळा करत फिरायचो. तू नागपूरची, वडलांची बदली झाली म्हणून गोंदियात आलेली, आमची झाडी बोली तुला निम्मी कळायची नाही. मी तुझा दुभाषी होतो. तुझ्यामागे मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू ठेवून गावोगाव हिंडायला मला किती आवडायचं, ते तुला तेव्हा कळत होतं की नाही, कोण जाणे. जुलैत आपण आमच्या शेतावर गेलो होतो. धानाचा रोवणा, म्हणजे लावणी, सुरू होती. बाया ओळीत वाकून रोवत होत्या आणि त्यांचं बोलणं-हसणं चाललं होतं. आई मात्र कालव्याकडच्या, म्हणजे आमच्या नहरीकडच्या बांदीतल्या पाण्यात एकटीच होती आणि हळू आवाजात गात होती. तू बांधावर, आमच्या धुऱ्यावर, तिच्या मागे बसून ते सगळं रेकॉर्ड केलंस. मला विचारलंस, त्यांना सांगायचं का? मी म्हटलं, आईच आहे माझी, तिला काय सांगायचं.

‘बांदीत पानी वो, धुऱ्यावर सावली, सोनू वो सोनू, शिदोरी ठेवली.’ घरी येऊन तू शब्द उतरवायला बसलीस आणि मला विचारलंस, हे सोनू आहे ना? कुणाचं नाव आहे का? तुझ्या कानानं बरोबर पकडलं होतं, चंचल. मी म्हटलं, नाही, सोना. सोना म्हणजे धान, इकडे धानाला सोनं म्हणतात, बाया तोंडातल्या तोंडात म्हणतात म्हणून तसं ऐकू येतं. तू विचारलंस, कुणी रचलं? मी म्हटलं, कोण रचणार, पारंपरिक आहे, सगळ्याच बाया गातात. तू वहीत सोनूचं सोना केलंस आणि खाली कंसात ‘पारंपरिक’ लिहिलंस. मी बघत होतो.

ते गाणं आमच्या गावात दुसरी कोणतीही बाई गात नाही. ते आईनं केलेलं आहे. सोनू माझी बहीण होती.

मला बहीण होती हेही तुला माहीत नाही. कॉलेजात कुणालाच नव्हतं. मी नऊ वर्षांचा होतो, ती चार. रोवण्याचेच दिवस होते, आई दुसऱ्यांच्या बांदीत रोवायला गेली होती. धुऱ्यावर पळसाच्या सावलीत आम्हा दोघांना बसवून, शिदोरी जवळ ठेवून मला म्हणाली होती, हिच्याकडे पाहा. वरच्या अंगाला पोरं खेकडे पकडत होती, त्यांचा गलका ऐकू येत होता. मी सोनूला म्हटलं, इथंच बस, आलोच. किती वेळ गेलो होतो ते मला आजही सांगता येत नाही. परत आलो तर शिदोरी होती, ती नव्हती. इटियाडोह धरणाचं पाणी त्या दिवशी नहरीला सोडलेलं होतं. मी सगळ्यांना सांगितलं की मला झोप लागली होती. झोप म्हटल्यावर कुणी रागावलं नाही. बाबा गेले तेही हेच मनात धरून गेले.

आई त्यानंतर तीन वर्षं रोवायला गेली नाही. गेली तेव्हा हे गाणं घेऊन गेली. फक्त नहरीकडच्या टोकाला असली की म्हणायची. सोनूला जेवायला बोलवायचं गाणं आहे ते, दुसरं काही नाही.

तू विचारलंस तेव्हा हे नाव कुणाचं, हे सांगितलं असतं तर ती कशी गेली हे तू विचारलं असतंस. आणि तुझ्यासमोर मला ‘झोप लागली होती’ म्हणता आलं नसतं. म्हणून मी तिचं धान करून टाकलं.

पुढचं तुला ठाऊकच आहे. तू पुण्याला गेलीस, बँड जमला, ‘सोना’ आलं. तू त्याला जो ठेका दिलास तो छानच आहे, हे मी खोटं नाही म्हणत. गेली दोन वर्षं लग्नांत तेच वाजतंय. मी दरवेळी उठून बाहेर जायचो. मागच्या मे महिन्यात अर्जुनीला ओळखीतल्या केशोरावांच्या मुलीच्या लग्नात मी आईसोबत होतो. जेवायला बसणार, तेवढ्यात डीजेवर ते सुरू झालं. दीडदोनशे लोक हात वर करून उड्या मारत ‘सोना वो सोना’ ओरडत होते. आई ताट हातात घेऊन उभीच राहिली. गाणं संपेपर्यंत हलली नाही. मग ताट ठेवलं आणि म्हणाली, चाल घरी. तिसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता तिनं विचारलं, "हे गानं त्याहिले कोनं देलं?" मी म्हटलं, मला काय माहीत. चौतीस वर्षांचा माणूस, आईच्या तोंडावर सरळ खोटं बोललो. तिनं पुन्हा विचारलं नाही.

तर गेल्या रविवारी, सुकरामजींकडून मी तिच्याकडे गेलो. ती अंगणात वाल सोलत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं, आधी गाण्याचं. मी दिलं, तुझ्या नकळत रेकॉर्ड होऊ दिलं, आणि नाव मी बदललं. ती म्हणाली, "देलं तं देलं. पन नाव काऊन बदललास?" त्यावर मला खेकड्यांचं सांगावं लागलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा मारेल तरी. तिनं शेंग सोलून दाणे टोपल्यात टाकले आणि म्हणाली, "मले तवाच माहीत होतं. तुये पाय मांडीपावेतो चिखलाचे होते. झोपलेल्या पोराचे राहते का तसे?"

मी विचारलं, मग बोलली का नाहीस. तिनं पदरातली सालं झटकली. मग म्हणाली, "नऊ वर्साच्या पोराच्या भरोशावर पोरगी मीनं ठेवली. तुले काय बोलू?"

चंचल, त्यानंतर आम्ही दोघंही जेवलो, आणि ती मला पोळी वाढत असताना सोनूबद्दल बोलत राहिली. ती तोतरी बोलायची, कोंबड्यांच्या मागे धावायची, माझी पाटी चाटायची. मला यातलं काहीच आठवत नव्हतं. मी काही आठवूच दिलं नव्हतं. तेव्हापासून मी जागेवर बसू शकत नाहीये. हलकं वाटायला हवं होतं, तसं काही वाटत नाही. उलट काहीतरी सुटलंय आणि ते घरभर फिरतंय, असं झालंय.

आता मी हे कशासाठी लिहिलं ते. तुझी ओळख मी शनिवारी संध्याकाळी पाठवणार आहे, आणि तिच्यात हे असेल की हे गाणं पारंपरिक नाही, ते सुमित्राबाई मनिराम कापगते यांनी केलेलं आहे, आणि ‘पारंपरिक’ हा शब्द गाणारीचा नसून माझा आहे. तू नको म्हणालीस तरी ती जाईल. पण मंचावर उभी असताना तुला हे माझ्या तोंडून पहिल्यांदा कळावं, एवढं वाईट मी तुझ्याशी वागू शकत नाही. रागाव, रविवारपर्यंत माझ्याशी बोलू नकोस, चालेल. गाणंच वगळायचं असेल तर तेही तुझ्या हातात आहे. आई कार्यक्रमाला येणार आहे, मी तिला आणणार आहे. मी तिला सांगितलं होतं, नको वाटत असेल तर ते गाणं होऊ नये असं मी बघतो. ती म्हणाली, म्हणू दे, लोक नाचतात तर नाचू दे, पोरगीच होती ते, तिलेबी नाचाले आवडे. तिचं मागणं एकच आहे, आणि ते तुझ्यापर्यंत पोचवायला हे पत्र. नाव बरोबर घे. मी म्हणून पाहिलं, तुझ्या ठेक्यात काही बिघडत नाही, ‘ना’च्या जागी ‘नू’ येतं एवढंच. फक्त दुसऱ्या वेळी आई तो ‘नू’ जरा लांबवते, नहरीच्या पलीकडे ऐकू जावं एवढा. तिथे ड्रम थोडा थांबवता आला तर थांबव.

तुझाच,
देवेंद्र