किरकोळ फरक

३ जून, सकाळी
आजपासून रोज दहा गणितं. अकाउंटन्सीच्या परीक्षेची ही तिसरी खेप, आणि शेवटची. मामांच्या ऑफिसात हिशेबाची एकच खुर्ची रिकामी आहे. मी आणि धाकटी बहीण, दोघांत ज्याला जास्त मार्क त्याची, असं मामांनी साफ सांगितलंय. धाकटी पहिल्यांदाच बसतेय. बिचारी.

३ जून, दुपारी
एक गणित झालं. चार वर्षांनी मिळणाऱ्या ऐंशी हजारांची आजची किंमत किती, व्याज आठ टक्के. माझं उत्तर ५८,८०२. पुस्तकात ५८,८००. पुस्तक चुकलंय. उरलेली नऊ निषेध म्हणून सोडवली नाहीत.

४ जून
क्लासमध्ये सरांना पुस्तकाची चूक दाखवली. सर म्हणाले, चूक कोणाचीच नाही. पुस्तकातल्या तक्त्यात तीनच दशांश घेतलेत, तुझ्या कॅल्क्युलेटरने सगळे घेतले. हा राउंडिंगचा फरक, परीक्षेत चालतो.
हे आधी कोणी सांगितलं का नाही? मागच्या दोन्ही वेळा मी बहुधा राउंडिंगमुळेच नापास झालो.

९ जून
मध्ये डोक्याला विश्रांती दिली. आजचं गणित: दरवर्षी दहा हजार, सहा वर्षं, दहा टक्के, आजची किंमत किती. पुस्तक ४३,५५०, मी ४७,९०८. राउंडिंग. धाकटी म्हणाली, पैसे वर्षअखेरीस मिळणार आहेत, तू वर्षाच्या सुरुवातीला धरलेस. बारीकसारीक गोष्टींत अडकायची तिला सवयच आहे. अशाने पेपर पुरा होत नाही.

१७ जून
पाच वर्षांनी मिळणाऱ्या एक लाखाची आजची किंमत, दहा टक्क्यांनी: माझ्या मते १,६१,०५१. पुस्तकाच्या मते ६२,१००. फरक जरा घसघशीत आहे, पण रक्कमही मोठी आहे. धाकटीने वही स्वतःकडे ओढली. मग म्हणाली, "दादा, पाच वर्षं थांबून लाखच मिळणार असतील, तर आज त्याचे दीड लाखाच्या वर कोण देईल रे?"
मी म्हटलं, देणारे देतात, माणसं जोडावी लागतात. आई आतून म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. नाचाचा इथे काय संबंध?

२ जुलै
पेपर उत्तम. तासभर आधीच बाहेर पडलो. प्रत्येक उत्तराखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'फरक आढळल्यास राउंडिंगचा समजावा.' येताना खुर्चीसाठी उशी घेतली.

३० जुलै
धाकटीला एक्क्याहत्तर. मला अडतीस. पासला चाळीस लागतात.
तडक सरांकडे गेलो. शांतपणे मांडलं की दशांश राउंड होतात तसे अडतीसचेही चाळीस व्हायला हरकत नसावी. सरांनी चष्मा पुसला.
"करू की. पण मी जवळच्या शंभरात राउंड करतो. अडतीसचं शून्य होईल. करू?"
अडतीस घेऊन घरी आलो.

१ ऑगस्ट
धाकटी आज मामांकडे रुजू झाली. वाईट वाटलं. ती गेल्यावर थोडं रडूही आलं. संध्याकाळी परत आल्यावर ती मला पहिल्या धड्यापासून शिकवणार आहे. मी हो म्हटलं. तेवढीच तिची उजळणी होईल.